न दिसलेली रास

फाल्गुन सरत आला की माझ्या मानेला खाज सुटते. डॉक्टर म्हणतात, धुळीची ॲलर्जी. म्हणू देत. मी काही त्यांच्याशी वाद घालत नाही. ती ज्वारीची कूस, कणसावरचं बारीक कुसळ, आहे आणि ती माझ्या मानेत एका सुगीत शिरली ती निघालीच नाही, हे त्यांना सांगून काय उपयोग?

आता आमच्या घरामागच्या रस्त्यानं मळणीयंत्रं जातात. परवा एका वावराच्या कडेला मुद्दाम थांबून पाहिलं. कणसं एका तोंडातून आत जातात, दाणे दुसऱ्या तोंडातून थेट पोत्यात पडतात. मधलं सगळं लोखंडाच्या पोटात. खळं नाही, बैलांची पात नाही, वाऱ्याची वाट पाहणं नाही. पाहण्यासारखं काही उरलेलंच नाही. आणि मला तर पाहायचं होतं. पाहायचं आणि पोरांना पाहायला शिकवायचं. आज त्या प्रकाराला माहितीपट म्हणतात. शाळेशाळेतून त्याच्या स्पर्धा होतात, बक्षिसं वाटतात. आमच्या वेळी त्याला नावसुद्धा नव्हतं. मी पोरांना म्हणायचो, खराखुरा सिनेमा. त्यावर पोरं विचारायची, "मंग त्यात गाणी कोन म्हननार, मास्टरसाब?"

तेव्हा मी जालन्याच्या सरकारी हायस्कुलात जुगराफिया, म्हणजे भूगोल, शिकवत होतो. निजामी राज्य. सगळी शिकवणी उर्दूतून. घरी मराठी बोलणाऱ्या पोरांना मी उर्दूतून विलायतेतल्या नद्या पाठ करून घ्यायचो आणि खिडकीतून दिसणाऱ्या कुंडलिकेबद्दल पुस्तकात एक ओळ नसायची. त्या पुस्तकाचा मला भयंकर राग यायचा. तशात आमच्या ओळखीच्या एका जिनिंगवाल्या शेटजींनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मुंबईहून हौसेनं आणलेला चावीचा सिने कॅमेरा त्यांच्या कपाटात धूळ खात पडला होता. मी मागितला, त्यांनी दिला. सोबत फिल्मच्या उरल्यासुरल्या काही डब्या दिल्या. वर म्हणाले, "मास्तर, मोडला तर मोडला, पण सुगीत तुमच्याकडून एक चांगली फिल्म व्हायला पाहिजे बघा."

मला वाटलं, आभाळ ठेंगणं झालं. नववीची निवडक पोरं घ्यायची, त्यांना शिकवायचं, आणि ज्वारीची सुगी कापणीपासून राशीपर्यंत जशीच्या तशी पकडायची. कुणाला नटवायचं नाही, कुणाला उभं करायचं नाही. जे आहे ते. त्यात इतकं अवघड काय असणार होतं?

पहिली डबी आमच्या सदरसाहेबांनी खाल्ली. सदरसाहेब म्हणजे मुख्याध्यापक. परवानगी मागायला गेलो तर त्यांनी आधी कपाळाला हात लावला. "क्या मास्टर, इम्तिहान सर पे आया और तुम बच्चों को खेतां में लेके फिर रहे?" मग कॅमेऱ्याकडे पाहून त्यांचा सूर उतरला. दुसऱ्या दिवशी ते शेरवानी घालून, टोपी नीट करून, शाळेच्या दारात उभे राहिले. मी म्हटलं, साहेब, जरा चालून दाखवा. ते चालले नाहीत. चावी किर्र करत संपेपर्यंत ते तसेच उभे, छाती फुगवून, श्वास धरून. डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही. एवढा शिकलेला माणूस! मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

फिल्म तर वाया घालवता येत नव्हती, म्हणून मी पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून चौकटी केल्या आणि एकेका पोराच्या हातात दिल्या. या चौकटीतून बघा, म्हटलं. चौकटीत येईल ते आपलं, बाहेर राहील ते गेलं. काय दाखवायचं ते आधी ठरवा, मग डोळा लावा. महिनाभर हाच धोशा. आठवडी बाजारात सोडलं आणि सांगितलं, जे दिसेल ते लिहून आणा. काय लिहून आणलं असेल? बहार आली होती, बागेत बुलबुल गात होते, बाजार गुलजार होता! उर्दूच्या वाचनमालेतला बुलबुल प्रत्येकाच्या निबंधात. अरे, जालन्याच्या बाजारात तुला बुलबुल दिसला? बकऱ्या नाही दिसल्या? मिरचीच्या ढिगाशी शिंकणारा माणूस नाही दिसला? एक पोरगं म्हणालं, "दिसला, मास्टरसाब. पन ते लिहायचं असतं व्हय?"

त्या पोराचं नाव माणिक. वाटूरचं, कुणब्याचं. जालन्यात मामाकडे राहून शिकणारं, काळंसावळं, बोलायला कमी. दिलेली चौकट घेऊन तोच एकटा खरोखर हिंडायचा. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून एक डोळा मिटून बसायचा. बाकीच्यांनी आपापल्या पुठ्ठ्याचे पंखे केले होते. मला वाटलं, चला, एक तरी हाताला लागला. त्याच्याच घरचं खळं करायचं ठरलं.

परतूरपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. मांडीवर कॅमेरा फडक्यात गुंडाळून लहान लेकरासारखा धरलेला. दोन्ही अंगाला कापलेली रानं, पेंढ्या उभ्या रचून बुचाडं लावलेली, आणि मधूनच कडब्याचा तो गोडसर, सुका वास. आजही कुठे कडब्याची गाडी दिसली की मी हावऱ्यासारखा श्वास घेतो. बरोबरची पोरं गात होती, सिनेमातली गाणी. मी कितीदा सांगितलं असेल की आवाज फिल्ममध्ये येणार नाही. ती म्हणाली, "न्हाई तर न्हाई, मास्टरसाब, आमी काय फिलिमसाठी गावून राह्यलो?"

माणिकचे आजोबा, आबा, खळ्याच्या कडेला उभे होते. उंच, वाळलेले, डोक्याला मळकं पागोटं. आम्ही चपला काढल्या, कारण खळ्यावर चपला चालत नाहीत. शेणानं सारवलेलं गोल खळं, मधे मेढीचा खांब, मेढीभोवती तोंडाला मुसक्या बांधलेले बैल फिरत होते, खाली कणसं कुरकुरत चिरडली जात होती. मला इतका आनंद झाला की मी घाईघाईनं चावी दिली आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि सगळं थांबलं.

बैल थांबले. पात हाकणारा गडी थांबला. माणिकची चुलती कणसाची पाटी खाली ठेवून चटकन घराकडे पळाली. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, लुगडं बदलायला. थोड्या वेळानं घरची सगळी माणसं आली ती लग्नाला निघाल्यासारखी. हिरवी लुगडी, धुतलेली धोतरं, पोरांच्या डोळ्यांत काजळ. बैलांवर झुली. आली आणि रांगेत उभी राहिली, हात मांडीला चिकटवून, श्वास कोंडून.

"अहो, काम करा! हला!" मी ओरडलो.

"हलावं कसं?" चुलती ओठ न हलवता म्हणाली. "फोटू बिघडंल ना."

तालुक्याच्या जत्रेला एक फोटोवाला यायचा. तो काळ्या कापडात डोकं घालायचा आणि म्हणायचा, हलू नका. या मंडळींना यंत्र एवढंच ठाऊक. मी समजावलं, हे यंत्र हलणारी माणसं टिपतं. ती मान डोलवायची, बराबर हाय म्हणायची, आणि मी डोळा लावला की पुन्हा दगड. "मास्तर, मळक्या लुगड्यावर कामात वाकलेलं काय दावायचं? ते तर रोजचंच हाय," चुलती म्हणाली. मी खळ्यावर अक्षरशः उड्या मारत होतो. हला, वाका, बोला, भांडा, काही तरी करा! माझीच पोरं गालात हसत होती.

आता वय झाल्यावर मी कधी कधी त्या वाक्याशी थबकतो. ते तर रोजचंच हाय. जे आपण खरं म्हणून पकडायला जातो, ते त्या माणसांना कुणी पाहू नये असं वाटतं. त्यांना दिसायचं असतं ते वर्षातून एकदा, धुतलेल्या कपड्यांत. मग खरं कोणतं? पण हे सगळं आज सुचतंय, अंगणात खुर्ची टाकून. तेव्हा मला फक्त संताप येत होता आणि मान खाजत होती.

एकदाच माझ्या मनासारखं झालं. तिसऱ्या प्रहरी वारं सुटलं. सुगीत वारं कुणासाठी थांबत नाही. आबा कॅमेरा विसरले, फोटू विसरले, झटकन उफणणीच्या उंच तिवईवर चढले आणि पाटी डोक्याच्या वर धरून उफणायला लागले. दाणे सरळ खाली, भुसकट सोन्याच्या धुरासारखं एका अंगाला. उन्हात ते वाळके हात, वर पाहणारा चेहरा. मी चावी पूर्ण संपेपर्यंत घेतलं. खाली दाण्यांची रास वाढत होती. त्या क्षणी मला वाटलं, जमलं. आता फक्त रास. रास दाखवली की सुगी पुरी झाली.

शेवटच्या डबीत थोडी फिल्म उरली होती, एका चावीपुरती. मी कॅमेरा राशीकडे वळवला, तसे आबा मधे आले.

"राशीचा फोटू न्हाई."

"का?"

"नजर लागती." मग आवाज खाली करून म्हणाले, "आन् मास्तर, लेव्ही."

त्या काळात सरकार शेतकऱ्याकडून सक्तीनं धान्य घ्यायचं, त्याला लेव्ही म्हणायचे. गिरदावर गावोगाव फिरून कुणाच्या खळ्यावर किती पिकलं याचा अदमास घ्यायचा आणि तेवढं धान्य मोजून न्यायचा. मोठी रास डोळ्यांत भरली की घरात खायला काय राहील याचा भरवसा नसायचा. म्हणून माणसं रास दाखवत नसत. रात्रीतून जमिनीखालच्या पेवात घालत, आणि वर नुसतं भुसकट.

मी म्हटलं, "आबा, ही फिल्म शाळेबाहेर कुणी पाहणार नाही. माझा शब्द."

"शाळा कुनाची?" आबांनी विचारलं. "सरकारचीच न्हवं?"

मी हटलो नाही. राशीशिवाय सुगी म्हणजे काय? महिनाभर पोरांच्या कानीकपाळी ओरडलो ते कशासाठी? मी विनवण्या केल्या, रागावलो, पुन्हा विनवण्या केल्या. आबा नुसते भुसकट झाडत राहिले. शेवटी माणिक पुढे आला. इतका वेळ तो खळ्याच्या कडेला पुठ्ठ्याची चौकट डोळ्याला लावून इकडून तिकडून बघत बसला होता. तो आजोबांच्या कानाशी काही बोलला. आबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि मला म्हणाले, "बरं. माणिक काढंल. त्याच्या हातानं हू द्या."

मला काय हवं होतं दुसरं? माझ्या विद्यार्थ्याच्या हातून शेवटचं चित्र! मी कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि पाठ थोपटली. माणिकनं तिवई ओढली, नीट जागा बघून रोवली, कॅमेरा तिच्यावर ठेवला. आणि घरच्या मंडळींना हाक मारली. ती आलीच. झाली पुन्हा रांग! आबा, चुलती, गडी, लेकरं, पदर पसरून बसलेल्या म्हाताऱ्या, दोन्ही टोकांना झुली घातलेले बैल. राशीच्या पुढ्यात.

"हलू नका!" माणिक ओरडला.

"हला!" मी बाजूनं ओरडलो. "अरे माणिक, काय शिकवलं मी तुला?"

"हलू नका बिलकुल!"

मी रांगेच्या बाजूला धावलो, एकेकाला हातवारे केले. तिथून मला रास चांगली दिसत होती, पिवळीधमक, वर विळा खोचलेला. निदान ती तरी येतेय, असं मनाशी म्हणत राहिलो. कॅमेरा किर्र वाजला आणि थांबला. फिल्म संपली. मी खळ्यावरच बसकण मारली. माणिकशी बोललो नाही.

खळ्यावर आलेला माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये, अशी रीत. निघताना आबांनी त्याच राशीतून सूपभर ज्वारी माझ्या उपरण्यात ओतली. मी रागात होतो, पण उपरणं पुढे केलं.

मग मुंबईला फिल्म धुवायला गेली आणि वाट पाहणं सुरू झालं. जालन्यात ऊन चढलं. वर्गात मी पुन्हा विलायतेतल्या नद्या घेत होतो. माणिक खाली मान घालून लिहायचा. मी मुद्दाम त्याला प्रश्न विचारत नसे. एवढा एक शिकला असं वाटलं होतं, आणि शेवटी तोही जत्रेतला फोटोवालाच निघाला! ही गोष्ट मला जेवताना आठवे, झोपताना आठवे. बायको म्हणायची, पोरगं आहे ते, सोडा आता. मला सोडता येत नव्हतं.

फिल्म आली. शेटजींच्या जिनिंगमध्ये वीज होती, म्हणून त्यांच्याच सरकी-रुईच्या गोदामात भर दुपारी दारं लावून, चादर टांगून दाखवायचं ठरलं. उकाडा असा की भिंतींना घाम यावा. रुईचे तंतू नाकात जात होते. पोरं खाली बसली. मी यंत्राजवळ उभा. तेवढ्यात दार उघडलं आणि सदरसाहेब आत आले, आणि त्यांच्या मागून तहसीलदार, आणि तहसीलदारांच्या मागून गिरदावर. सदरसाहेबांना आपली शेरवानीतली फिल्म बड्या लोकांना दाखवायची होती. मला एका शब्दानं विचारलं नाही. खुर्च्या मांडल्या गेल्या, अगदी पुढच्या.

"कौनसे गाँव की है?" गिरदावरांनी विचारलं.

"वाटूर," सदरसाहेब फुशारकीनं म्हणाले.

आबांचा प्रश्न कानात वाजला, शाळा कुनाची? मी यंत्र चालवणाऱ्या मिस्त्रीचा हात धरला, पण त्यानं कळ दाबली होती.

सदरसाहेब दिसले, दगडासारखे. टाळ्या झाल्या. मग बैलांचे खूर, अर्धे अंधारात. घराकडे पळणारी चुलती, तेवढं एक छान आलं होतं. मग रांगेत उभी माणसं. मग आबा तिवईवर, उन्हात, भुसकटाच्या धुरात. माझा डोळा वर आबांवरच खिळल्यामुळे खालची रास चौकटीत नव्हतीच. मला रडू येईल की काय असं वाटलं. पण पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. मी श्वास धरला.

पडद्यावर रांग आली. बैलापासून बैलापर्यंत, खालपासून वरपर्यंत माणसं. उभ्या माणसांच्या फटींत बसलेल्या म्हाताऱ्यांचे पदर, पदरांच्या फटींत लेकरं. कुणी हलत नव्हतं. फक्त वाऱ्यानं धोतरांचे सोगे फडफडत होते आणि एका बैलाचा कान हलत होता. मी चादरीवर डोळे ताणताणून शोधलं. राशीचा दाणासुद्धा कुठे दिसत नव्हता.

गिरदावर खो खो हसले. "मास्टर, ये तो फोटो हुआ! सिनेमा किधर? और अनाज किधर है?"

त्याच राशीची भाकरी मी सकाळी खाऊन आलो होतो.

सगळे माझ्याकडे पाहत होते. सदरसाहेबांच्या कपाळावर आठ्या. मी हात जोडले आणि म्हणालो, "हुजूर, बच्चे हैं. मैंने बहुत सिखाया, पर इनको कुछ आया नहीं."

आयुष्यात मी जे एकच काम जीव ओतून केलं, ते फसलं असं मला चारचौघांत, माझ्याच पोरांसमोर कबूल करावं लागलं. आणि ते खोटं होतं.

मंडळी गेल्यावर माणिक दाराशी उभा होता. हातात तोच पुठ्ठा, कडा झिजलेल्या.

"मास्टरसाब, मी आधीच चौकटीतून बघून ठेवलं व्हतं," तो म्हणाला. "कुठं उभं केलं का मागचं काईच दिसत न्हाई ते. तुमीच म्हनले व्हते ना, काय दावायचं ते आधी ठरवा."

"मग मला का नाही सांगितलंस, गाढवा?"

"सांगितलं असतं तर तुमी तसं वरडले नसते. तुमी वरडले म्हनून ही नुस्ती फोटूची रांग हाय, हे समद्याला खरं वाटलं. आबाला बी भरवसा आला, का मास्तरलाच कळालं न्हाई तं गिरदावरला काय कळतंय."

मी त्याच्या हातातला पुठ्ठा ओढून घेतला. शाबास म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. नववीच्या सगळ्या वर्गात शिकवलेलं फक्त एका पोराला आलं होतं, पुरेपूर आलं होतं, आणि ते मला कुणालाच सांगता येणार नव्हतं.

फिल्म शेटजींकडे राहिली, पुढे तिचं काय झालं माहीत नाही. पुठ्ठा माझ्याकडे आहे. परवा त्या मळणीयंत्रासमोर मी तो डोळ्याला लावला. चौकटीत यंत्र, धूळ, पोती. चालक पोरगा मला पाहून चटकन सरळ उभा राहिला, केस नीट केले, हात मांडीला चिकटवले.

"हल रे बाबा," मी म्हणालो.

तो हलला नाही.